माजी सैनिकाची जागा

सुभेदार साहेब माझ्या घरी पहिल्यांदा आले ते माझी जागा मागायला. आम्ही एका पलटणीत पंधरा वर्षं काढली होती. त्यांचं गाव आमच्या काष्टीपासून सायकलवर जाता येईल इतकं जवळ. सुट्टीला कितीदा तरी दौंडपर्यंत एका डब्यात बसून आलो असू. पण आमच्या वस्तीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी बाजार होता. रस्त्यावर मोटारसायकल लावून ते आत आले आणि दारातूनच म्हणाले, "यादी लागली म्हनं."

यादी लागली होती. नगरच्या एका बी.एड. कॉलेजात माजी सैनिक आणि त्यांची मुलं, यांच्यासाठी मिळून एक जागा राखीव होती. त्या जागेवर माझं नाव लागलं होतं. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव साहेबांच्या मुलीचं होतं.

मी तेव्हा पस्तिशीचा, हवालदार म्हणून नुकताच पेन्शनीत निघालेला. बी.ए. मी नोकरीत असतानाच बाहेरून केलं होतं, बर्फात कंदील लावून. मला मास्तर व्हायचं होतं. माझ्याबरोबर सुटलेले बहुतेक जण बँकेच्या दारात नाहीतर साखर कारखान्याच्या गेटवर बंदूक घेऊन उभे राहिले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायचा आणि संध्याकाळी घरी यायचं. मला ते करायचं नव्हतं.

बायकोने खुर्ची पुढे केली आणि चहाचं आधण ठेवलं. साहेब बसले.

"पोरगी लई हुशार हाय माझी. बी.एस्सी. झालीय. तिला बी.एड. मिळालं तर मास्तरीण व्हईल, न्हाई तर यंदा लगीन लावून द्यावं लागंल. पाव्हणे मागं लागल्यात."

"पुढच्या वर्षी अर्ज करा ना, साहेब."

"पुढचं वरीस कुनी बघितलंय? तुला काय, तुमा लोकांच्या कोट्यातनं कुठं बी मिळंल. तितनं घे. ही माझ्या पोरीला सोड."

हे ते इतक्या सहज म्हणाले की मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. आम्ही बौद्ध. त्या कोट्यातून मी अर्ज केला नव्हता आणि तो विचार करूनच केला नव्हता.

"साहेब, त्या जागेवर आमच्या वस्तीतलं कुणी पोरगं बसेल. त्याला दुसरी जागा कुठली? त्याची मी का खाऊ? ही मी नोकरी करून मिळवलीय."

"आन् मी काय गोट्या खेळलो का पंचवीस वर्सं? माझ्या नोकरीवर माझ्या लेकीचा हक्क न्हाई?"

"आहे ना. पण यादीत माझं नाव वर आहे."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "बी.ए.च्या परीक्षेला तुला सुट्टी कुनी दिली, इसरला का?"

विसरलो नव्हतो. दोन वेळा त्यांनी माझ्यासाठी वर शब्द टाकला होता. तो त्यांनी आज वसूल करायला काढला, याचा मला जास्त संताप आला.

"हवालदार," ते उठून उभे राहिले, "हा हुकूम समज."

मी बसलेलो होतो, तरी माझ्या टाचा आपोआप जुळल्या. बायकोने ते पाहिलं. स्वतःच्या पायांचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल. मी पाय मुद्दाम लांब केले आणि म्हणालो, "साहेब, मी आता घरी आहे."

चहा तसाच होता. लडाखमध्ये एका मगातून आम्ही आळीपाळीने प्यायलो होतो, इथे ते म्हणाले, "आत्ताच घिऊन आलो." ते अंगणात पोचले तशी बायको कप घेऊन मागोमाग गेली आणि त्यांना दिसेल असा तो चहा मातीत ओतला.

प्रवेशाच्या दिवशी प्राचार्यांनी मला आत बोलावलं. साहेब त्यांना भेटून गेले होते, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

"तुम्हाला पेन्शन चालू आहे. फी माफ आहे. एका मुलीचं आयुष्य अडकलंय. माणूस म्हणून विचार करा."

"सर, मी पात्र नाही का?"

"पात्र आहात."

"मग प्रवेश द्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "प्रवेश देतो. पण तुम्हाला हे वर्ष सोपं जाणार नाही."

शब्दाचे पक्के निघाले.

वर्ग सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती मुलगी स्वतः आली. कॉलेज सुटलं होतं, मी बसस्टँडकडे निघालो होतो. फाटकाशी एक मुलगी उभी होती. सरळ समोर येऊन तिने वडिलांचं नाव सांगितलं. तिला मी लहानपणी कधीतरी स्टेशनवर पाहिलं होतं, आता ओळखलं नसतं.

"काका, वडलांनी पाठवलेलं नाही. त्यांना माहीतही नाही. तुम्ही जागा सोडणार आहात का, एवढंच मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"नाही," मी म्हणालो.

"बरं."

ती जायला वळली. मला राहवलं नाही. "पुढच्या वर्षी अर्ज कर. तोवर लग्नाला नको म्हण. ठाम राहा."

ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. "तुम्हाला त्यांना नाही म्हणायला पंधरा वर्षं लागली. तेही पलटण सोडल्यावर. मी त्यांच्या घरातच राहते."

ती निघून गेली. मी दौंडच्या गाडीत बसलो आणि घरापर्यंत शेजारच्याशी भांडत गेलो, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून.

कॉलेजात बी.एड.ला गणवेश होता, पुरुषांना पांढरा सदरा आणि काळी पँट. पुन्हा गणवेश अंगावर चढला. वर्गातली पोरं विशी-बाविशीची. मी आत आलो की मागच्या बाकावरून कुणीतरी "सावधाऽन!" ओरडायचं आणि सगळे हसायचे. पहिल्या आठवड्यात मीही हसलो. नंतर नाही. एकदा कॉलेजात पाहुणे यायचे होते, तर प्राध्यापकांनी बाकीच्यांना स्वागताची, गाण्याची, फलकाची कामं वाटली आणि मला म्हणाले, "तुम्ही गेटवर थांबा. तुम्हाला सवय आहे."

"सर, मी फलक लिहितो. माझं अक्षर चांगलं आहे."

"गेटवर कोण थांबणार मग?"

"कॉलेजला शिपाई आहे."

फलक मला मिळाला नाही. पण गेटवरही मी थांबलो नाही; पाहुणे आले तेव्हा पहिल्या रांगेत जाऊन बसलो. त्या महिन्यात माझ्या पाठांच्या टाचणवह्यांवर लाल शाईचा पाऊस पडला. धड्याची उद्दिष्टं इतरांची आणि माझी अक्षरशः सारखी असत. त्यांची बरोबर, माझी चूक.

मग शाळांवर जाऊन पाठ घ्यायचे दिवस आले. नगरच्या एका शाळेत नववीला मी इतिहास शिकवत होतो. मागे तेच प्राध्यापक निरीक्षणाला बसलेले. दोन मुलं कुजबुजत होती. मी आवाज चढवला. सगळा वर्ग एकदम ताठ झाला आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. प्राध्यापकांनी शेरा दिला: "शिक्षक नव्हे, उस्ताद." पलटणीत कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तो शेरा त्यांनी वर्गात वाचूनही दाखवला.

मी तो घरी बायकोला सांगितला, शिव्यांसकट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिव्या द्या त्यास्नी, पर खोटं काय लिवलंय? घरात बी तुमी तसंच बोलता. आपली पोरगी तुमच्यापुढं पाडा म्हनत न्हाई, मला म्हनून दावती."

त्या माणसाने लिहिलेलं खरं निघावं, हे मला सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या मुलीला समोर बसवून रोज पाठ घेऊ लागलो. आवाज चढला की ती कानावर हात ठेवायची. तसं ठरलंच होतं आमचं. आधी ती बहुतेक वेळ कानावर हात ठेवूनच बसलेली असे. थंडी संपता संपता तिचे हात खाली राहू लागले. प्राध्यापकांनी पुढच्या पाठांवर काहीच शेरा लिहिला नाही. त्यांच्याकडून तेवढंच मिळणार होतं.

साहेबांच्या मुलीचं लग्न त्याआधी, मार्गशीर्षातच झालं होतं. पलटणीतल्या आसपासच्या सगळ्यांना पत्रिका गेली, मला नाही. काष्टीतला एक माजी नायक चौकात उभा राहून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एका पोरीचं शिक्षान खाल्लं लोकांनी." मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "तिचं लग्न मी लावलं का? तिच्या बापाने लावलं. जा, त्याला विचार." त्याने मान फिरवली. सगळे मला विचारत होते. तिच्या बापाला कुणीच विचारत नव्हतं.

सव्वीस जानेवारीला काष्टीत झेंड्याला माजी सैनिक पदकं लावून रांगेत उभे राहत. त्या वर्षी रांग लावायला सुभेदार साहेबांना बोलावलं होतं. मी पदकं लावून गेलो. त्यांनी मला बघून गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "मास्तर लोकांची रांग तिकडं हाय."

माझ्या जागेवर उभं राहायला गेलो तर दोन्हीकडचे खांदे जवळ आले. रांगेत फट राहिली नाही. मी रांगेच्या टोकाला, थोडं अंतर सोडून, एकटा उभा राहिलो. झेंडा वर गेला. साहेबांनी सलामीचा हुकूम दिला आणि मी सलामी दिली. झेंड्याला दिली, हुकूम कुणाचा होता याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर एकानेही हात मिळवला नाही. पुढच्या वर्षापासून मी गेलो नाही.

बी.एड. मी दुसऱ्या वर्गात पास झालो. अंतर्गत गुणांत सगळ्यांत खाली, लेखी परीक्षेत वरच्या दहांत. कुणी अभिनंदन केलं नाही. आणखी वर्षभर अर्ज केले आणि नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका हायस्कुलात लागलो. तिथे कुणी जायला मागत नसे. पावसाळ्यात जीप बंद पडली की भाताच्या खाचरांच्या कडेने चालत जावं लागे. मला चालायची सवय होती. बायको-मुलीला घेऊन मी तिथेच बिऱ्हाड केलं, आणि काष्टीला लग्ना-मौतीपुरता जाऊ लागलो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा दहावीचे पेपर तपासायच्या कामाच्या बैठकीला नगरला गेलो. एका शाळेच्या हॉलमध्ये जिल्ह्यातले शिक्षक जमले होते. पाण्याच्या नळाशी एक बाई माझ्याकडे बघत होत्या. त्याच आधी बोलल्या.

"मी ओळखलं तुम्हाला."

मीही ओळखलं, पण वेळ लागला. ती आता अंगाने भरली होती, आणि आवाजात वर्ग सांभाळणाऱ्या माणसाचा ठामपणा आला होता.

"तुम्ही शिक्षिका झालात," मी म्हणालो. मला खरोखर बरं वाटलं होतं आणि ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण तिला ते आवडलं नाही.

"झाले. मुलगा तान्हा होता तेव्हा त्याला सासूकडे टाकून बी.एड. केलं. घरी आले की तो माझ्याकडे यायचा नाही, रडायचा. तेव्हा रोज मला तुमची आठवण यायची."

माफी मागितली असती तर ती खोटी झाली असती.

"वडील कसे आहेत?" मी विचारलं.

"आहेत. तुमचा विषय घरात काढायचा नाही, असं आहे." तिने बाटलीचं झाकण काढलं. "त्यांनी तुम्हाला काय सांगून जागा मागितली, ते आईने मला नंतर सांगितलं. तुमच्या कोट्याचं. ते मला पटलं नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही दिली नसती."

"मग?"

"मग काय, सर? तुमचं पटलं म्हणून राग जातो का? मला तुमचा राग येतो. त्यांचाही येतो. तुमचा जास्त येतो, कारण तुमच्याशी माझं काही नातं नाही."

"असू दे," मी म्हणालो. "माझाही साहेबांवरचा गेलेला नाही."

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. हसली नाही. बाटली भरली, झाकण घट्ट लावलं. हॉलमधून नावं पुकारायला लागले होते. ती विज्ञानाच्या टेबलाकडे गेली आणि मी इतिहासाच्या. संध्याकाळी बैठक सुटली तेव्हा ती फाटकाबाहेर रिक्षा थांबवत होती. मी दिसलो तसं तिने तोंड दुसरीकडे वळवलं आणि मी संगमनेरची गाडी पकडायला निघालो.