सासूबाईंच्या नावावरचं शेत

सासूबाईंना साधा ठसका लागला तरी ज्याची झोप उडते, असा जावई आमच्या कर्जत तालुक्यात मी एकटाच असेन.

आता हे प्रेमापोटी होतं असं कुणी समजू नये. आमच्या सासूबाईंचं आणि माझं लग्नापासून जेमतेमच होतं. सासरे आधीच वारलेले, त्यामुळं लग्नात मी त्या घरची सुपारीसुद्धा घेतली नाही, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगायची संधी मी कधी सोडली नाही. (सासूबाई समोर असल्या तर जरा मोठ्यानं सांगायचो.)

दिवस लढाईचे होते. सरकारनं धान्याची लेव्ही बसवलेली. ज्याची जमीन जास्त त्याच्या घरातून ज्वारी जास्त जायची. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेलो, पण डोकं आपलं तेज. म्हटलं, जमीन कागदावर कमी केली की झालं. बायकोच्या नावावर करून भागणार नव्हतं, एका चुलीची माणसं एकत्रच धरायचे. भाऊ मला नाही. चूल वेगळी, तालुका वेगळा आणि भांडायची ताकद नाही असं एकच माणूस मला दिसलं. श्रीगोंद्याकडच्या आमच्या सासूबाई.

"अवं, कुनाला तरी इचारा आदी," बायको म्हणाली.

"मला कुनी शिकवू नगं," मी म्हणालो. आमच्या घरात हे वाक्य रोज एकदा तरी व्हायचं.

विहिरीकडचं शेत, म्हणजे घरातलं सगळ्यात चांगलं, मी बक्षीसपत्र करून सासूबाईंना देऊन टाकलं. स्टँप, नोंदणी, लिहिणावळ, साक्षीदारांचं चहापाणी, सगळं मी केलं. कचेरीबाहेर दस्त लिहिणारे एक म्हातारे अण्णा बसायचे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"पाटील, नाव चढवायला तुमची खुशी पुरते. उतरवायला त्यांची लागेल. आणि हाच सगळा खर्च पुन्हा."

"माझी सासू हाय ती. कुठं जातीय?"

"म्हातारी माणसं कुठं जातात," अण्णा टाक पुसत म्हणाले, "ते तुम्हाला ठाऊक आहे."

मला तेव्हा ते कळलंच नाही. कळलं वर्षभरानं. त्या वर्षी ज्वारी घरात राहिली म्हणून मी मिशीला पीळ देत हिंडत होतो आणि एक दिवस माझा मेव्हणा भिवा आला. आला तो घरात आलाच नाही. विहिरीकडच्या शेतात बांधानं चालत होता, पावलं टाकत, ओठ हलवत.

"काय रं भिवा, काय मोजतोस?"

"कुटं काय दाजी. सहज. त्या बांधावरचं बाभळीचं झाड आपल्यात येतं का शेजाऱ्यात?"

आपल्यात! मी तसाच घराकडं वळलो. घरी आलो तर बायको सांगतीय, "भिवा म्हनत हुता, आमच्या बयला काल चक्कर आली."

मी तिथंच ओट्यावर बसलो. म्हातारी गेली की वारस कोण? भिवा. माझी विहीर, माझी मोट, आणि मी बांधावर उभा राहून भिवाला रामराम घालणार. त्या दिवसापासून मला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून सासूबाईंच्या दारात हजर. "चला मामी, कर्जतला. शेत माघारी करून द्या."

सासूबाई शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देनार की जावईबापू. तुमचंच हाय. पर असं न्हाई देनार."

"मग कसं?"

"धोंड्याच्या म्हयन्यात. वान म्हनून."

"मामी, तो तीन वर्सांनी एकदा येतो. आताच होऊन गेला!"

"येईल की पुन्यांदा. लग्नात तुमी सुपारी घेतली न्हाई. तुमास्नी मोठेपना मिळाला. मला गावानं काय ऐकवलं ठावं हाय? रांडव बाई, जावयाला द्याया घरात दाना न्हाई. धोंड्याला समदी जावयाला चांदीची वाटी देत्यात. मी अनारसं देऊन तोंड लपिवलं. आता एकदा मी माज्या हातानं शेत देनार. समद्यांच्या देखत."

मी रागावलो, पाया पडलो, शेवटी जेवायचा नाही म्हणून बसलो. त्यांनी माझ्या वाटणीची भाकरी कुत्र्याला घातली.

मग मी सासूबाईंना गाडीत घालून आमच्याच घरी आणलं. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही म्हणून त्या अडून बसल्या, तर सांगितलं, तुमच्याच शेतातली ज्वारी हाय. म्हशीचं दूध आधी त्यांना. विहिरीवर जायचं नाही, माळ्यावर चढायचं नाही. शिंकल्या की मी काढा घेऊन हजर. रात्री घोरल्या तर बरं वाटायचं, घोरायच्या थांबल्या की मी दचकून उठायचो. सासूबाई गुटगुटीत झाल्या. माझा सदरा मला ढगळ व्हायला लागला. गावातल्या म्हाताऱ्या आपापल्या जावयांना माझं उदाहरण द्यायच्या आणि ते जावई माझ्याशी बोलायचे बंद झाले.

अशी जवळजवळ तीन वर्षं काढली. धोंड्याचा महिना तोंडावर आला आणि एका दुपारी सासूबाई लिंबाखाली आडव्या झालेल्या दिसल्या. तोंड उघडं. हाक मारली, हालचाल नाही. पुन्हा मारली. मी तिथंच बसकण मारून गळा काढला, "मामी, आठ दिस थांबला असता तर काय बिघडत हुतं!"

सगळी आळी गोळा झाली. बाया डोळ्याला पदर लावायला लागल्या. तेवढ्यात सासूबाईंनी एक डोळा उघडला.

"कोन मेलं?"

"तुमी," मी म्हणालो.

"मंग वराडता कशापायी? निजू तरी द्या."

पुढच्या आठवड्यात आम्ही कर्जतला गेलो. भिवा साक्षीदार. पुन्हा अण्णा, पुन्हा स्टँप, पुन्हा नोंदणी, सगळा खर्च माझाच. साहेबांनी विचारलं, "बाई, स्वखुशीनं देता?"

"लेकीच्या मालकाला वान देतीय साहेब, खुशीनं न्हाई तर काय?" असं म्हणून सासूबाईंनी अंगठा उठवला, आणि कचेरीच्या पायरीवर पाट मांडून मला कुंकू लावलं, पुरणाचे धोंडे पुढं ठेवले, दिव्यानं ओवाळलं. पक्षकार, शिपाई, वकील, सगळे बघत होते. मी माझ्याच शेताबद्दल वाकून नमस्कार केला. सासूबाईंची मान त्या दिवशी अशी ताठ होती की मला वर बघावं लागलं. रीत म्हणून त्यांना लुगडंही मीच घेतलं.

पुढं त्या खूप जगल्या. आता घाई नव्हती ना.

गेल्या वर्षी नातीच्या सोयरिकीची बैठक होती. माझी जुनी सवय. म्हणालो, "आमच्या घरात देण्याघेण्याची रीत नाही. मी लग्नात सासरची सुपारीसुद्धा घेतली नाही."

पाहुणा चौकस निघाला. त्यानं आमच्या जमिनीची नोंद आधीच पाहून ठेवलेली. शांतपणे म्हणाला, "खरंय आजोबा. फक्त विहिरीकडचं शेत घेतलंत. सासूकडून बक्षीस, असं लिहिलंय."

मी त्याच्याच चंचीतली सुपारी घेतली आणि बैठक उठेपर्यंत चघळत बसलो.