रिकाम्या हातानं आलेली बाई

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोताळ्याकडच्या गावात नाल्याचं पानी घराघरात शिरलं, तवा माही पोरगी दोन महिन्याची होती. मी तिले छातीशी धरून शाळेत पळाली, सासू माह्या मांगं, अन् पोरीचा बाप बकऱ्या सोडाले मांगंच राह्यला. शाळेच्या दोन खोल्याइत अर्धं गाव, बाया अन् मानसं सारे एकाच जागी, मंग मी पोरीले अंगावर घेनार कशी? पदरात झाकलं का ती गरमीनं घामाघूम होये, तोंड काढून घेये, अन् मी इकडं पाहे, तिकडं पाहे, कोन पाहून राह्यलं काय म्हनून. दोन दिवसात दूध आटल्यावानी झालं.

मंग मदतीची गाडी आली. बॅनर अगोदर उतरलं, डबे मांगून. त्यातला एक चष्मेवाला म्हने, "ताई, बाळाचा चेहरा दिसू द्या ना फोटोत." मी पोरीच्या तोंडावर पदर टाकला. एवढ्याशा लेकराचा फोटो कोनाले अन् काऊन पाहिजे? मोबाईलवर तं फिरूनच राह्यलं होतं का पुराच्या गावात पोरं चोरनारे मदतवाले बनून येतात. सासू म्हनली, "फोटो माहा काढा बावा, पन डबा द्या. पोरगी उपाशी हाय." तिचाच काढला, डबा घेऊन.

दूध पावडरचा डबा होता. मी सातवी शिकली, पन त्याच्यावरचं सारं इंग्रजी. टँकरच्या पान्यात कालवून बाटलीनं पाजलं. पानी उकळावं कशावर, लाकडं सारी वली. पोरगी पेली अन् झोपली, मले बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिले जुलाब लागले, निस्तं पानी. डोळे आत गेले. रडे पन आवाज नाई, अन् सकाळपासून मुतली नाई. मी कोनाले सांगतलं नाई. सांगतलं तं मदतवाले पोरीले घेऊन जातील, अन् कुठी नेतील काय मालूम.

तेवढ्यात एक बाई आली. चिखलाच्या चपला, हातात काईच नाई. बोली आमच्यावानीच. माह्यापाशी बसली अन् इचारते, "लेकरू अंगावर पेते का वं?"

मी म्हटलं, "तुमाले काऊन पाहिजे?"

"तिचे डोळे पाह्यले म्हनून इचारलं. हा डबा बंद कर. या पान्यात तो चालत नाई, त्यानंच तिले लागलं असन."

मी डबा मांडीखाली दाबला. रिकाम्या हातानं येते अन् माहा डबा मांगते, म्हटलं हिच्या घरी लेकरू असन. ती मले म्हने, "ठेव तुह्यापाशीच. मले नाई पाहिजे. फक्त पाजू नको."

मंग ती उठली अन् बायाइले लुगडे मांगतले. फळ्याच्या खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत दोर बांधला, त्याच्यावर दोन लुगडे टाकले. एक म्हातारा बाबा रागावला. "आमी काय पाहून राह्यलो का हो तिच्याकडं? माहे डोळे तं मोतीबिंदूनं गेले."

"तुमी नाई पाहत बाबाजी, पन तिले वाटते ना," ती म्हनली. "तिकडं तोंड करा अन् तमाकू मळा."

सारे हासले. मले हासू आलं नाई.

तिनं दवाखान्याची सिस्टर बोलावली. सिस्टरनं संगं आनलेल्या उकळेल पान्यात मीठ-साखरेची पुडी टाकून पोरीले चमच्यानं पाजाले लावलं, अन् म्हने, अंगावर घेत राहा, घडीघडी घे, लघवी नाई झाली तं गाडीनं मोताळ्याले नेनं पडीन. गाडीचं नाव निंगालं अन् मी पोरीले छातीशी धरलं.

मी पडद्यामांगं गेली, पन बसली नाई. फटीतून पाह्यलं. ती बाई पडद्याकडं पाठ करून बसेल होती, अन् तिच्या कमरेले मोबाईल.

"तुमचा मोबाईल मले द्या," मी आतून म्हटलं.

सासू ओरडली, "अवं, लाज हाय का तुले? ती मदत करून राह्यली."

त्या बाईनं कमरेले हात घातला. लुगड्याखालून मोबाईल आत सरकवला. मी तो उलटा करून मांडीखाली ठेवला, डब्याच्या बाजूले, तवा कुठी पोरीले घेतलं. अगोदर तिनं तोंडच धरलं नाई. मोबाईल वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. बाहेरून ती म्हनली, "वाजू दे. घाई करू नको."

किती वेळ गेला, मालूम नाई. पोरगी चोखू लागली, हळू, मंग जोरानं, अन् माह्या अंगातून दूध उतरलं तं मलेच रडू आलं. सिस्टर सांगे तसं मी चमचा पाजे, अंगावर घेये, चमचा पाजे, अंगावर घेये. दिवस कलला तवा माही मांडी गरम झाली, वली झाली. मी आतूनच सांगतलं, "मुतली."

बाहेरच्या साऱ्या बाया बोलू लागल्या.

मी मोबाईल लुगड्याखालून वापस सरकवला. तिनं अगोदर पोरीचा फोटो काढला का नाई ते त्यात पाहाले मले येत नव्हतं, म्हनून तिलेच इचारलं.