कागद्याच्या लग्नातलं माझं भाषण

कागदे अंघोळीलासुद्धा पासपोर्ट घेऊन जायचा. खोटं नाही सांगत. आखातात, मिरकाब वस्तीतल्या खोलीत आम्ही चार वर्षं एकत्र काढली आणि मोरीतल्या खुंटीवर टॉवेलाशेजारी त्याची खाकी कापडी पिशवी मी रोज पाहिली. वसईहून निघताना आईनं शिवून दिलेली, गळ्यात घालायची. आडनाव त्याचं वेगळंच, पण इस्पितळात आम्ही त्याला कागदेच म्हणायचो. तो एक्स-रे विभागात, मी लॅबमध्ये.

"अरे, परक्या मुलखात आपण म्हणजे हे एवढं पुस्तक," तो म्हणायचा. "ते हरवलं तर आपण कोण, हे सांगायला इथे कोण येणारेय?" एका कार्यालयात कारकुनानं पासपोर्ट रात्रभर ठेवून जायला सांगितलं, तर हा चार खेपा घालून आला, पण ठेवला नाही. माझ्या कागदांच्या झेरॉक्स प्रतीही त्यानंच काढून ठेवल्या होत्या. "तुझा पासपोर्ट कुठाय?" "असेल रे कुठेतरी." "कुठेतरी? म्हशीचं दावं आहे का ते?"

नव्वदच्या जुलैत, तिथेच, त्याचं लग्न ठरलं. मुलगी वसईचीच, रेजिना, आमच्याच शहरात एका खासगी दवाखान्यात नर्स. वसईला घरी त्याची आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. सून डोळ्यांनी बघायची, एवढंच तिचं मागणं. दोघांची ऑगस्टची घरी जायची तिकिटं काढलेली होती. लग्नानंतर रेजिनाचा अकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर करून घ्यायचा होता आणि त्यासाठी तिचा पासपोर्ट सरकारी कार्यालयात द्यावा लागणार होता. कागद्याचं ठरलं होतं: आधी आई, मग अकामा.

टोस्ट मीच द्यायचा, हा त्याचा हट्ट. मी साताऱ्याचा; आमच्याकडे मंगलाष्टका झाल्या की पंगत, भाषण कसलं? पण बोलायला उभा राहिलो आणि लोक हसायला लागले, मग काय विचारता! द्राक्षाच्या रसाचा ग्लास उंचावून मी म्हणालो, "बघा, नवरदेवानं आजही कोटाखाली पिशवी घातलीय! आणि बायको मिळाल्याबरोबर तिचा पासपोर्टही आत!" रेजिनाच्या दवाखान्याची कागदपत्रं सरकारी कार्यालयांत फिरवणारा माणूस, मंदूब, समोरच बसला होता. मला जास्तच चेव आला. "कागदे, मर्द असशील तर आत्ता, इथे, त्याच्या हातात दे. आईला सून अकाम्यासकट दाखव!"

"दे! दे!" सगळ्यांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. रेजिनाही हसत होती. कागद्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, गळ्याचं बटण काढलं आणि तिचा पासपोर्ट मंदूबला दिला. "सांभाळ हं, बाबा," एवढंच म्हणाला. टाळ्या पडल्या. त्या माझ्या भाषणाला होत्या असं मला वाटलं. मूर्ख मी!

मंदूब रोज "बुकरा, बुकरा" म्हणत राहिला, उद्या, उद्या. जुलै संपला आणि इराकी फौजा शहरात शिरल्या. कार्यालयाला कुलूप, मंदूब बेपत्ता, पासपोर्ट आत.

सप्टेंबरात आमची बस निघाली. इराकमधून अम्मानला, तिथून विमानानं मुंबई. पासपोर्टाशिवाय रेजिनाला कोणी बसमध्ये घेईना. "तिला इथे एकटी टाकून येऊ का मी?" कागदे म्हणाला. "तू जा. आईला सांग, येतोय म्हणून." माझ्या झेरॉक्स प्रती त्यानं माझ्याच खिशात कोंबल्या. टोस्टबद्दल अवाक्षर नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो.

मी वसईला गेलो. आईचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द नीट फुटत नव्हते. "सून कशीय?" "फार गोड आहे. पुढच्या विमानानं येतायत दोघं," मी ठोकून दिलं. मग तिनं हातानं गळ्यापाशी खूण केली. "पिशवी... आहे ना त्याच्या गळ्यात?"

"आहे," मी म्हणालो आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आलो.

वकिलातीचा दाखला मिळवून ती दोघं आली तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. आईला जाऊन अकरा दिवस झाले होते. दफनभूमीत रेजिनानं ओंजळभर फुलं वाहिली. मी धीर करून म्हणालो, "कागदे, माझ्यामुळे..." त्यानं मला पुरं बोलू दिलं नाही. "हातानं मी दिला रे. तू नुसता बोललास." ते ऐकून मला आणखीच वाईट वाटलं. त्यानंतर मी कुठल्याही लग्नात चार माणसांपुढे तोंड उघडलेलं नाही.

एक्क्याण्णव सरता सरता इस्पितळानं त्याला परत बोलावलं. मी काही परत जाणार नव्हतो. विमानतळावर सोडायला गेलो. दारापाशी त्यानं पिशवीतून पासपोर्ट काढला आणि एकदम माझ्यापुढे केला. "धर जरा. लेस सुटलीय."

चार वर्षांत त्यानं तो कुणाच्याही हातात दिला नव्हता. तो खाली वाकला. एका बुटाची लेस बांधली, मग न सुटलेल्या दुसऱ्याचीही, अगदी सावकाश. मी पासपोर्ट दोन्ही हातांनी धरून उभा होतो. तो उठायच्या आतच मी तो त्याच्यापुढे धरला.