तिसऱ्या हाकेला ओ

चहा घ्या, गार होईल. सांगतो, सगळं सांगतो, पण आधी कबूल करा की मध्येच हसणार नाही. शेवटी हसलात तर माझी हरकत नाही, मुरबाडच्या निम्म्या बाजाराचं हसून झालंय. पण मध्ये नको. कारण तुम्हाला जिथे हसू येईल, नेमका तिथेच माझ्या अंगावर काटा आला होता.

मी राहायला वैशाखऱ्याला आणि दुकान मुरबाडला. पाण्याच्या जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग करतो, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून देतो. मोटर कंपनीच्या वॉरंटीसाठी ई-मेल लागतो म्हणून कधीतरी काढला होता. पुढे आमच्या लेकीने, प्रणालीने, फार्मसी केलं आणि नोकरीचे अर्ज भरायला लागली. तेव्हा मीच ऐटीत म्हटलं, "माझा मेल टाक. मी दिवसभर दुकानात बसून लक्ष ठेवतो." ती कल्याणला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. एका औषध कंपनीत तिची मुलाखत छान झाली होती आणि त्यांचं बोलावणं माझ्या मेलवर यायचं होतं. एवढं लक्षात ठेवा. माझी अब्रू गेली ते सोडा, पोरीची नोकरी त्या मेलला टांगलेली होती.

तर श्रावणात एक दिवस तिचा फोन आला.

"पप्पा, तुमचा मेल ज्या कंपनीचा हाय ना, तिथं चोरी झालीय. लोकांचे पासवर्ड गेलेत. आजच्या आज बदला."

"बदलतो गो."

"बदलतो नाय, बदला."

माझा पासवर्ड होता ढवळ्या, आणि पुढे एक-दोन-तीन. ढवळ्या आमचा बैल. जाऊन जमाना झाला, पण तसा बैल पुन्हा गोठ्यात आला नाही. मेलेल्या बैलाचं नाव कोण कशाला चोरील, असं म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

आणि मग मेल यायला लागल्या. कुठली कुठली माणसं! कोणी लॉटरी लागली म्हणतंय, कोणी केस उगवायचं तेल विकतंय, कोणी विधवा बाई तिची इस्टेट मलाच द्यायची म्हणून अडून बसलेली. आता दारात आलेल्या माणसाला नको म्हणायचं तरी उठून म्हणावं, ही आमच्या घरची रीत. मी एकेकाला उत्तर लिहीत बसलो. 'नमस्कार. तेल नको आहे. धन्यवाद.' त्या विधवा बाईचं तर सांत्वनही केलं. दुसऱ्या दिवशी मेल दुप्पट झाल्या. मी म्हटलं, लोकांना आपला स्वभाव आवडलेला दिसतोय.

प्रणालीला हे सांगितलं तर ती फोनवरच कपाळ बडवायला लागली. "पप्पा, त्यांना ओ देऊ नका. ओ दिली की त्यांना कळतं, घरात माणूस हाय."

मी दचकलोच. कारण हे वाक्य, अगदी याच शब्दांत, मी आईच्या तोंडून ऐकलं होतं. तिन्हीसांजेला बाहेरून कोणी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाही. दुसरी हाक आली तरी नाही. बाहेरचं जे असतं ते दोनच हाका मारतं. तिसरी हाक आली तर समजायचं माणूस आहे, मग ओ द्यायची. आमच्याकडे आजही शेजारी हाक मारतो ती सलग तीनदा मारतो, उगाच कोणाला बसवून ठेवायला नको.

त्याच दिवशी संध्याकाळी घाटातलं धुकं खाली उतरून पार अंगणात आलं होतं. समोरचा आंबा दिसेना. लाईट गेलेली. आमच्या घरात रेंज फक्त खिडकीत मिळते, म्हणून मोबाईल खिडकीत ठेवलेला असतो. सहज बघायला गेलो तर एक नवी मेल. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

पाठवणारा: मी.

नाव नाही, गाव नाही. नुसतं 'मी'. माझ्याच पत्त्यावरून, मलाच. उघडली. मोटरींची माहितीपत्रकं वाचून वाचून इंग्रजी कळतं तेवढं लावलं. पहिलीच ओळ: ढवळ्या एक-दोन-तीन. पुढे लिहिलेलं, मी तुझ्या आत आलोय. तुझ्या कॅमेऱ्यातून रोज तुला बघतो. पुढे कसलेतरी पैसे मागितले होते, पण तिथवर वाचायला मी थांबलोच नाही.

"मंदा," मी बायकोला हाक मारली. 

ती दिवा घेऊन आली. मी तिला सगळं वाचून दाखवलं.

"तुमीच तुमाला पत्र लिवलंत?"

"मी नाय लिवलं."

"मग ह्यो 'मी' कोण?"

"तोच इचार करतोय."

तिने दिवा स्क्रीनजवळ नेला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "ढवळ्याचं नाव ह्याला कोणी सांगितलं? आन् रोज बघतो म्हंजे? मी इथंच केस विंचरते."

आम्ही मोबाईलवर टॉवेल टाकला. मग मला टीव्हीचा संशय आला, म्हणून टीव्हीवर चादर. भिंतीवरच्या आरशाला तिने पातळ गुंडाळलं. मग मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन मोबाईलची दृष्ट काढली आणि सगळं चुलीत टाकलं. मिरच्यांचा ठसका म्हणून आला नाही.

"लय जबर लागलीय," मंदा म्हणाली आणि माझ्याजवळ सरकून बसली. खरं सांगतो, मला तेव्हा गोठ्याकडे बघायची भीती वाटत होती. ढवळ्याच उभा दिसला असता तर मी काय करणार होतो?

आणि तेवढ्यात टॉवेलखाली उजेड पडला.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. गेल्या दिवाळीत प्रणालीने माझ्या मेलला आणखी एक कडी लावून दिली होती. नव्या ठिकाणाहून कोणी माझा मेल उघडू लागलं की मोबाईलवर विचारणा येते: तुमच्या खात्यात कोणीतरी येऊ पाहतंय. तुम्हीच का? होय की नाही? तिने बजावून ठेवलं होतं, "आपण नसलो तर 'नाही' दाबायचं." तीच विचारणा आली होती.

धुक्यात घर, चुलीत मिरच्या, आणि टॉवेलखालून कोणीतरी विचारतंय, तुम्हीच का?

"'नाही' दाबा," मंदा कुजबुजली.

"येडी का काय? नाय म्हटलं तरी ओ दिल्यासारखंच हाय. त्याला कळंल घरात माणूस हाय." दोघीजणी, आई आणि लेक, तेच सांगून गेल्या होत्या ना? मी हात मांडीखाली दाबून बसलो. उजेड विझला.

थोड्या वेळाने पुन्हा पडला. तुम्हीच का?

मंदाने टॉवेलचं टोक दाबून धरलं. विझला.

मग बराच वेळ काही नाही. बाहेर बेडूकसुद्धा गप्प. आणि तिसऱ्यांदा उजेड पडला. माझ्या जिवात जीव आला. तिसरी हाक! म्हणजे बाहेरचं काही नाही, माणूस आहे. आणि माणूस म्हणजे आपली प्रणालीच, कल्याणला बसून बोलावणं आलं का ते बघत असणार बिचारी. तिला फोन लावून विचारावं, तर तिचा फोन लागेना. मी टॉवेल उचलला, देवाचं नाव घेतलं आणि 'होय' दाबलं.

मोठ्या आनंदाने दाबलं हो. मग पिठलं-भात खाऊन झोपलो.

सकाळी मेल उघडेना. पासवर्ड चुकीचा म्हणे. ढवळ्यासुद्धा मला ओळखेना. एवढ्यात शहापूरहून साडूचा, दिनकरचा फोन आला. आवाज रडवेला.

"भाऊ, मी तुमचं काय वाकडं केलंय?"

माझ्या नावाने त्याला मेल गेली होती. मी त्याचं नाव जसं साठवलं होतं तसंच वर घातलेलं: 'प्रिय साडू दिनकर शहापूर, मी तुम्हास पाहिले आहे. हे छायाचित्र तुमचेच आहे काय? कृपया दाबावे.'

"मग तू काय केलंस?"

"दाबलं. फोटू काय दिसंना. पण मी घाबरून बायकोला सांगून टाकलं ना, की श्रावणात कसाऱ्याच्या धाब्यावर मटण खाल्लं म्हणून. मला वाटलं तुमी त्योच फोटू काढलाय. आता मला घरात चहा नाय."

दुकान उघडेपर्यंत कळलं की ही मेल सगळ्यांना गेलीय. मोटर कंपनीच्या साहेबाला गेली, पाईपवाल्याला गेली, आमच्या गावच्या ग्रामसेवकाला गेली. तालुक्यात मी एका दिवसात सर्वांना पाहिलेला माणूस झालो. बाजारात ओळखीचे लोक मला बघून रस्ता बदलत होते. आणि मला स्वतःला काय वाटत होतं म्हणाल, तर माझ्या नावाने कोणीतरी जगात हिंडतोय आणि लोक त्याला माझ्यापेक्षा जास्त घाबरतायत, याचीच धडकी भरली होती. त्याहून मोठी भीती पोरीची होती. बोलावणं आलं असेल तर ते आता त्याच्या हातात.

फोन केला तशी प्रणाली मिळेल त्या पहिल्या एसटीने आली. मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसली. माझं खातं हरवलं तर कोणाला कळवायचं म्हणून तिने पूर्वीच स्वतःचा नंबर देऊन ठेवला होता, तो त्या चोराने अजून काढला नव्हता. तिच्या मोबाईलवर आकडे आले, ते घातले आणि दार उघडलं. इतर सगळ्या ठिकाणांहून खातं बंद केलं. वाक्याएवढा लांब नवा पासवर्ड ठेवला. मग सेटिंगमध्ये आत आत जाऊन तिने काय शोधलं माहितीये? चोराने असा नियम लावून ठेवला होता की नवी येणारी प्रत्येक मेल थेट कचऱ्यात पडावी.

तिने कचरा उघडला. सगळ्यात वर तिचं बोलावणं पडलं होतं.

पोर रडली हो. मीही रडलो. गिऱ्हाईक मोटर घेऊन दारातच उभं राहिलं. तिने तिथल्या तिथे होकार लिहून पाठवला आणि डोळे पुसून माझ्याकडे वळली.

"पप्पा, आता ऐका. तुमीच का, असं कोणी इचारलं तर काय सांगायचं?"

"नाही."

"तिनदा इचारलं तर?"

"नाही."

"तीनशेदा इचारलं तर?"

"नाही, नाही आणि नाही."

ती समाधानाने कल्याणला गेली. आणि मी ठरवलं, आता मरेपर्यंत हेच.

दोनएक दिवसांनी अशीच तिन्हीसांज, असंच धुकं. खिडकीतला मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. बाईचा आवाज, लांबून, मध्येच तुटणारा.

"आपण प्रणालीचे वडीलच ना?"

 लेकीचं नाव कसं कळलं?

"नाही," मी म्हटलं.

"घर वैशाखरे, दुकान मुरबाड. बरोबर ना?"

गावसुद्धा माहीत! "नाही."

"अहो, प्रणालीने तुमचाच नंबर दिलाय. तुम्हीच का तिचे वडील?"

तिसरी हाक होती. पण मी आता शहाणा झालो होतो. छाती काढून म्हटलं, "नाही. मला मुलगीच नाय." आणि फोन ठेवून विजयी मुद्रेने मंदाकडे बघितलं.

अर्ध्या तासात प्रणालीचा फोन आला. कंपनीची बाई पत्त्याची खातरजमा करत होती. तिने प्रणालीला सांगितलं होतं, तुम्ही दिलेले वडील म्हणतात ते तुमचे वडील नाहीत, तेव्हा तुमचं रुजू होणं थांबवतोय. मंदाने माझ्या हातातून मोबाईल ओढून घेतला आणि कंपनीच्या बाईला लावला.

"अवो बाई, त्योच तिचा बाप हाय. जरा येडा हाय, पण तिचाच हाय. मी सांगते ना."

आईच्या शब्दावर नोकरी राहिली. माझ्या शब्दावर गेलीच होती.

पहिल्या पगाराचे पेढे घेऊन प्रणाली आली तेव्हा मी मुरबाडच्या स्टँडवर तिला घ्यायला गेलो होतो. एसटीतून उतरली. मी हात केला, "प्रणाली गो!" तिने सरळ माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं. पुन्हा हाक मारली. ती शांतपणे बॅगेचा पट्टा सारखा करत उभी राहिली. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

तिसऱ्या हाकेला तिने ओ दिली. पेढ्यांचा पुडा मात्र घरी जाऊन आईच्याच हातात दिला.