पिवळ्या गाडीचे बुधवार

लोणावळा शहर आणि समस्त मावळ तालुक्यातील नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की दर बुधवारी सकाळी सात वाजता बाजारपेठेतून गुरगुरत जाणारी पिवळी गाडी यापुढे डॉक्टर अरविंद चालवणार नाहीत. त्या आवाजावर दूध तापत ठेवणाऱ्या, मुलांना उठवणाऱ्या आणि डॉक्टरला शिव्या घालणाऱ्या सर्वांनी याची गंभीर नोंद घ्यावी.

अरविंद डोळ्यांचा डॉक्टर आणि माझा शाळेपासूनचा मित्र. तो गेला त्याला दीड महिना झाला. बातमी त्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने फोनवर दिली, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "गाडीत?" ती म्हणाली, "नाही सर, घरी. चहा पिता पिता…" पुढे मी ज्याला ज्याला कळवलं, त्यानेही "गाडीत का?" असंच विचारलं, आणि नाही म्हटल्यावर प्रत्येकाच्या आवाजात किंचित निराशा आली. अरविंदला हे कळलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

गाडी इटालियन, सेकंडहँड, दोनच माणसांची. उंची माझ्या कमरेएवढी, इंजिन मागे आणि डिकी पुढे. लोणावळ्याच्या बंगल्यांत अशा गाड्या आणखीही आहेत, पण त्या लॉरीच्या पाठीवर बसून येतात, फोटो काढून घेतात आणि पांघरूण घेऊन झोपतात. अरविंदला ते बघवत नसे. "उभी ठेवली की आजारी पडते रे! बॅटरी उतरते, टायर बसतात. चालवली की ठणठणीत." म्हणून तो तिच्यातून दवाखान्यात जाई, भाजी आणी आणि पवनानगरहून ताजे मासे डब्यात घालून पुढच्या डिकीतून आणी. त्या डिकीच्या वासाने मुंबईहून येणारा मेकॅनिक दर वेळी हळहळायचा. स्पीडब्रेकर आला की अरविंद मला खाली उतरवायचा, कारण माझं वजन उतरलं की गाडी दोन बोटं वर येई आणि तिचं पोट घासत नसे. कुरवंड्याच्या रस्त्यावर मी तिच्यातून जितका बसून गेलो, त्याहून जास्त तिच्यामागून चालत गेलो असेन.

हे सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं, पण गेल्या वर्षी त्याने आठवड्यातला एक दिवस मला गाडीत घेणं बंद केलं. "बुधवारी नको." का, ते सांगेना. मी भूगोलाचा मास्तर. नकाशातली मोकळी जागा मला बघवत नाही, मग मित्राच्या आठवड्यातली कशी बघवेल? मी पुरावे गोळा करायला लागलो. अरविंद सहा फुटांचा, पण गुरुवारी बघावं तर त्याची सीट स्टिअरिंगला चिकटवल्यासारखी पुढे ओढलेली. अरविंदने जन्मात तंबाखूला हात लावला नाही, आणि गाडीत चुना-तंबाखूचा वास. म्हणजे कोणीतरी बुटकं, तंबाखू खाणारं माणूस दर बुधवारी डॉक्टरच्या जागेवर बसतं! दलाल? आणखी कोणी? माझ्या डोक्यात रोज नवीन नाटकाचा पडदा वर जाई.

उलगडा केला आमच्या शाळेच्या शिपायाने. तो पवनानगरकडचा. "सर, डाक्टर आमच्या धोंडूआबाचं धरनाकडचं रान घेत्यात म्हनं."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तीन बुदवार झाले, गाडी बांधावरच हुबी ऱ्हाती."

मावळात एवढा पुरावा पुरतो. महागडी गाडी एका बांधाला एकदा थांबली तर रस्ता चुकली, दोनदा थांबली तर जागा बघतेय, आणि तिसऱ्यांदा थांबली की भाऊबंद सातबारा काढायला पळतात. धोंडूआबाच्या पुतण्यांनीही काढला होता म्हणे. मी अरविंदला गाठून विचारलं, "त्या आबाकडे काय करतोस तू?" तो म्हणाला, "डोळे तपासतो." आणि हसला. बांधावर कोणी डोळे तपासतं का? चाळीस वर्षांचा मित्र माझ्याशी धडधडीत खोटं बोलला म्हणून मी फणफणलो, आणि त्या रागात नको ते करून बसलो… सुनीतावहिनींच्या कानावर सगळं घातलं.

वहिनींनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, गाडी घेतली तेव्हासुद्धा मला आधी विचारलं होतं हो त्यांनी. मग जमिनीचं का लपवतील?" हे त्या नवऱ्याला विचारणार होत्या, योग्य वेळ बघून. ती वेळ आलीच नाही. वर्षभर पुरेल एवढा संशय त्या माउलीच्या पदरात टाकून मी मोकळा झालो होतो, आणि उत्तर देणारा माणूस चहाचा कप अर्धा ठेवून निघून गेला. त्यानंतर वहिनींनी अंगणातल्या त्या गाडीकडे बघणंच सोडलं. मुलगा निखिल परदेशातून आला आणि त्याने गिऱ्हाईकही बघून ठेवलं. गाड्यांसाठी काचेची खोली बांधलेले कोणी गृहस्थ होते. वहिनी म्हणाल्या, "घेऊन जाऊ देत."

तेराव्याला जेवणं उरकत आली असताना फाटकातून एक बुटका म्हातारा आत आला. पांढरी टोपी, हातात पिशवी. शिपायाने मला कोपराने ढोसलं, "सर, धोंडूआबा!" पिशवीत कागद असणार याची मला खात्रीच होती. निखिलही सावध झाला. आबा मात्र कोणाकडे न बघता सरळ गाडीपाशी गेला, वाकला आणि टायर दाबून बघायला लागला.

वहिनी पायऱ्या उतरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "आबा, यांनी तुमच्याशी काय व्यवहार केला होता? जे असेल ते खरं सांगा. मी रागावणार नाही."

"व्यव्हार?" आबा गोंधळला. "आवो, मोतीबिंदू काडला त्यांनी माजा. म्या तीस वर्सं जीप चालवली, कामशेत ते पवनानगर. डोळं गेलं तवा पोरांनी चावी काडून घेतली. आपरेशान झाल्याव डाक्टर म्हनले, आबा, भिताडावरची अक्षरं काय कुनीबी वाचंल. गाडी चालवून दावा. मंग धरनाच्या सडकंला दावली. त्यांना पटलं. मला बी लय ग्वाड लागलं… मंग दर बुदवारी."

"आणि जमीन?" हे मी विचारलं. आवाज माझाच होता, पण फार लहान झाला होता.

"ते गावानं काडलं. म्या बी न्हाई म्हनलं न्हाई. जमीन इकनार म्हनल्याव पोरं सकाळचा च्या हातात आनून द्याया लागली. गाडी चालवतो म्हनलं असतं, तर मला कोंडलं असतं आन् डाक्टरला हानलं असतं. म्हनून त्यांना शपत घातलती, घरात बी सांगायचं न्हाई."

पिशवीत पवनेचे मासे होते. तेराव्याच्या जेवणावळीत!

वहिनी हसायला लागल्या. पदर तोंडावर धरूनही हसू आवरेना, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तेरा दिवसांत त्या पहिल्यांदा रडल्या. मग आबा चाचरत म्हणाला, "ताई, तेरा दिस हुबी हाय ती. एक चक्कर मारून आनू का?"

वहिनी आत गेल्या, चावी घेऊन आल्या आणि आबाच्या हातात देऊन स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. घेतल्या दिवशी एकदा बसल्या होत्या, तेवढ्याच. "आई, अगं आज? लोक काय…" निखिल पुढे झाला. विधीला आलेले गुरुजी हातातलं विड्याचं पान तसंच धरून बघत राहिले. मी जाऊन फाटक उघडलं. मला तेवढंच शक्य होतं.

आबाने स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. बॅटरीने दोनदा कुरकुर केली, आणि मग तो आवाज आला. जीपमध्ये मागे चौदा माणसं लटकलीत अशा बेताने आबाने गाडी सोडली. बैलगाडीच्या चालीने ती माझ्यासमोरून फाटकाबाहेर पडली, आणि समोर कुरवंड्याचा मोकळा रस्ता दिसताच सुनीतावहिनी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या देखत ओरडल्या, "अहो आबा, दाबा की जरा!"