वाक्य पुरं होऊ द्या

अमरावतीला सिंधूताईंच्या ओसरीवर दुपारी चारनंतर जी माणसं बसायची, त्यांत गप्पा छाटायला आलेलं कुणी नसायचं. चांदूर बाजारचे एक मास्तर अडखळत बोलत, म्हणून यायचे. लकव्यानं जीभ जड झालेली एक म्हातारी थेट पातूरहून यायची. ताई त्यांना बोलतं करत. लोक सांगत, ताई मुंबईहून शिकून आल्या आहेत. लोकांना सांगायला काय जातं! ताईंनी मुंबई डोळ्यांनीसुद्धा पाहिली नव्हती. जायचं मात्र होतं, आणि ते जीव तुटेपर्यंत.

गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची. ताईंचे वडील बापूसाहेब नावाजलेले वकील. ते उलटतपासणीला उभे राहिले की साक्षीदाराच्या घशाला कोरड पडायची. घरातही तोच दरारा. पोरांनी ‘मले’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. ‘मला म्हणा, मला! वकिलाच्या घरात राहता, खळ्यात नाही!’ अशी गर्जना व्हायची. चव्वेचाळीस साली अकोल्याच्या कोर्टात ऐन भाषणात त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. त्यांना घोडागाडीत आडवं घालून स्टेशनवर नेलं, तेव्हा सिंधू अठरा वर्षांची होती.

माणूस वाचला, पण वाचा गेली. मग घरात सगळ्यांनी मिळून एक चूक केली आणि ती आदरापोटी केली. एवढ्या मोठ्या माणसाला शब्दासाठी तिष्ठत कसं ठेवायचं? त्यांनी नुसता ‘पा’ म्हणायचा अवकाश, त्यांचे जुने मुनशी नत्थुजी ओरडायचे, ‘सायबाले पानी द्या वो!’ पाणी यायचं, पान यायचं, पाटसुद्धा यायचा. बापूसाहेब डोकं हलवून हलवून लालबुंद व्हायचे. एकदा तर त्यांना हवं होतं पागोटं. बाहेर अशील आला होता आणि बोडक्या डोक्यानं त्याच्यासमोर जायचं नव्हतं. हळूहळू त्यांनी तोंड उघडणंच सोडलं.

सिंधूच्या एक गोष्ट ध्यानात आली. पाणी मागता न येणारा हा माणूस सकाळी आंघोळीनंतर लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र मात्र खणखणीत म्हणायचा! म्हणजे आत सगळं शाबूत होतं, वाट तेवढी बुजली होती. तिनं त्यांच्या डाव्या हाताखाली आपली मांडी धरली. स्तोत्राचा ठेका त्या हातानं धरायचा आणि त्याच ठेक्यावर घरातला एकेक शब्द म्हणायचा. आणि साऱ्या घराला तिनं दम भरला, ‘बापूंचं वाक्य कोणी पुरं करायचं नाही. सूर्य मावळला तरी चालेल.’

नत्थुजी कळवळले. ‘बाई, मायाच्यानं पाह्यनं होत नाई. काहून छळून राहिली त्याइले?’

‘नत्थुजी, तुमी थांबा म्हणते मी!’ सिंधू म्हणाली.

थांबणं हेच तिचं औषध. दीड वर्षात शब्द आले, मग दोन-दोन शब्द जोडीनं आले. गंमत अशी की कोर्टातली भाषा आलीच नाही. पहिल्यांदा आलं ते ‘मले’. बापूसाहेब स्वतःच दचकले आणि कितीतरी दिवसांनी हसले. ते हसणं आठवलं की म्हातारपणीही ताईंचे डोळे भरून यायचे.

बापूसाहेबांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी हे सारं पाहिलं होतं. सेहेचाळीसच्या दिवाळीनंतर ते पत्र घेऊन आले. मुंबईत लढाईतून डोक्याला मार लागून आलेल्या शिपायांना बोलायला शिकवणारी एक मडम होती. तिला शिकाऊ मुली हव्या होत्या. शिक्षण दोन वर्षांचं, आणि पुढे नोकरी.

‘या कामाचं शिक्षण असतं? आणि पगारसुद्धा?’ सिंधू पुन्हापुन्हा विचारत राहिली. तिनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. थोरला भाऊ हेमचंद्र म्हणाला, ‘बडनेऱ्याहून गाडीत मी बसवून देतो. फक्त बापूंनी जा म्हटलं पाहिजे.’ त्यांच्या शब्दाशिवाय त्या घरातून कुणी परगावी जात नसे आणि दुखण्यानंही ती रीत मोडली नव्हती.

सगळे बैठकीत जमले. हेमचंद्रनं विचारलं. बापूसाहेबांचा डावा हात मांडीवर ठेका धरू लागला. ओठ थरथरले. खूप वेळानं शब्द आला, ‘जा...’

‘झालं!’ हेमचंद्र उठलाच. ‘जा म्हणाले! सिंधू, पेटी भर!’ नत्थुजींनी तर हात जोडले. डॉक्टर हसले. एकटी सिंधू जागची हलली नाही. तिची नजर त्या हातावर होती आणि ठेका अजून थांबला नव्हता. तिथेच तिनं त्या ठेक्याकडे काणाडोळा केला असता, तर कुणाची हरकत नसती.

तिनं तळहात वर केला. ‘थांबा. वाक्य पुरं होऊ द्या.’

बापूसाहेबांचा हात ठेका धरतच राहिला.

‘जा... जाऊ... नको. मले... सोडून.’

हेमचंद्र मटकन खाली बसला. डॉक्टरांनी पत्राची घडी केली. बापूसाहेब लेकीकडे पाहत होते, घामाघूम झालेले. एवढं लांब ते लकव्यानंतर कधी बोलले नव्हते. सिंधूनं रोजच्यासारखा त्यांचा हात थोपटला आणि ती म्हणाली, ‘शाब्बास, बापू. एकदम स्पष्ट.’

त्यांची वाक्यं टिपायची तिची एक वही होती. ती वही पुढे ओसरीवरच्या फळीवर असायची. तिच्यात त्या दिवसाची तारीख आहे आणि खाली ते चार शब्द आहेत. पुढे कंसात लिहिलंय, ‘कुणाच्याही मदतीशिवाय.’