छत्तीस ग्रॅमचा धूर

काटेमावशींचं खरं नाव काय, ते कारकुनालासुद्धा हजेरीपत्रक उघडूनच सांगावं लागायचं. धातू तपासायच्या त्या प्रयोगशाळेत त्यांनी सत्तावीस वर्षं एकच काम केलं. नमुना भट्टीत जाण्याआधी तोलायचा, बाहेर आला की पुन्हा तोलायचा, आकडा लिहायचा. त्यांच्याशी वजनावरून हुज्जत घालायची भाजीवाल्याचीही छाती नव्हती. निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि नेमके तेव्हाच नवे साहेब आले.

साहेब पोलादातले. पोलाद उघड्यावर तापवलं की त्यावर खपली धरते आणि वजन वाढतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. त्यांनी मॉलिब्डेनमची दोनशे ग्रॅमची पट्टी उघड्या हवेत आठशे अंशांवर दिवसभर ठेवायला लावली. संध्याकाळी मावशींनी ती तोलली. एकशे चौसष्ट.

"छत्तीस ग्रॅम गेले कुठे?" साहेबांनी विचारलं.

"धूर झाला, साहेब."

"अहो, हा धातू वितळायला सव्वीसशे अंश लागतात. आठशेला धूर?"

"धातूचा नाही होत. हवा लागून त्याचं जे काही बनतं ना, त्याचा होतो."

आता याहून सरळ काय सांगायचं? पण काट्यावरच्या बाईनं साहेबाला शिकवायचं म्हणजे जरा अतीच झालं. साहेबांनी तुकडा कापून नेल्याचा ठपका ठेवला, मावशींना गोदामात हातमोजे मोजायला बसवलं, आणि पुरावा म्हणून भट्टीला धुराड्यासकट स्वतःच्या हातानं सील ठोकलं.

नोकरीचं मावशींना एवढं काही वाटत नव्हतं. पण चोर म्हणून बाहेर पडायचं, हे जिव्हारी लागलं होतं. घरी मात्र सगळे फार गोड वागत होते. नवरा सकाळी चहा आयता हातात देई, सून डबा भरून ठेवी, मुलगा म्हणे, "आई, काहीही झालं तरी आम्ही तुझ्या पाठीशी आहोत." मावशींना अगदी भरून यायचं. अशी माणसं मिळायला नशीब लागतं, असं म्हणत त्यांनी आठ दिवस हातमोजे मोजले.

नवव्या दिवशी चौकशी झाली. "सील काढा आणि धुराड्याचं वळण उघडा," मावशी म्हणाल्या. फिटरनं उघडलं. पत्रा जिथे गार पडतो तिथे पिवळट पांढऱ्या सुया दाटून बसल्या होत्या. मावशींनी त्या ब्रशनं झाडून काट्यावर घेतल्या. एक्कावन्न ग्रॅम.

"छत्तीस हरवले आणि एक्कावन्न सापडले?" समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं.

"हवेतला प्राणवायू जोडला गेलाय त्याला. थोडं वर उडून गेलं, नाहीतर चौपन्न भरलं असतं."

चोरीचा माल वाढून परत आल्याचा प्रकार समितीला नवीन होता. साहेबांनी पुस्तक मागवलं, उभ्यानंच वाचलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी आहे." तसं लेखीही दिलं.

मावशींनी तो कागद घरी नेऊन मुलाच्या हातात ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे आई, तू खरंच घेतलं नव्हतंस?"

"मग वकिलाला उगाचच विचारलं मी," नवरा म्हणाला.

आठ दिवसांत साहेबांचा आला नव्हता एवढा राग मावशींना आता आला. साहेबांनी निदान तोंडावर विचारलं तरी होतं, कुठे गेले म्हणून. घरात कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.